कॉम्प्युटर सायन्सची सीट घेण्याआधी: बेळगाव भागातल्या घरांसाठी खर्च-कमाईचा हिशोब

सीईटीचा, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की बेळगावशेजारच्या उचगावातून मला फोन यायला लागतात. "ताई, कॉम्प्युटर सायन्स मिळायलंय, घेऊ काय?" मी उलट विचारते, "कुठल्या कोट्यातनं?" समोर शांतता. मग मागून वडिलांचा आवाज येतो, "कोटा जाऊ दे, नोकरी लागते की नाही तेवढं सांग."

माझे वडील भाजी पिकवतात. मी मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झाले, शहरात पीयूसी (अकरावी-बारावी) केली आणि २०१७ साली बेळगावातच इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर सायन्सला गेले. २०२१ मध्ये बाहेर पडले, तेव्हा कंपन्या माणसं शोधत फिरत होत्या. माझा धाकटा भाऊ त्याच शाखेतून २०२३ मध्ये बाहेर पडला. ऑफर लेटर हातात असूनही तो दहा महिने घरी बसला. घर तेच, शाखा तीच, त्याचे गुण तर माझ्यापेक्षा बरे. तरीही त्याचा आणि माझा हिशोब वेगळा आला. तेव्हापासून मी कुणाला नुसतं "घे" किंवा "नको घेऊ" असं सांगत नाही. वही काढायला सांगते.

१. आधी सीटचा प्रकार ओळखा

एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेली तीन मुलं तीन वेगळ्या किमती मोजत असतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला धक्काच बसला होता.

पहिला प्रकार म्हणजे सरकारी कोटा. कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे आपल्या बोलण्यातलं केईए, सीईटी घेतं आणि सीट वाटतं. रँक काढताना पीयूसीच्या भौतिक, रसायन, गणित या विषयांच्या गुणांना निम्मं वजन असतं आणि सीईटीला निम्मं. सीईटीत तिन्ही विषयांना ६०-६० गुण असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही गोल कोरा सोडू नका. पेपर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतो, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनी पीयूसीच्या पहिल्या दिवसापासून इंग्रजी संज्ञांची सवय करून घ्यावी. "त्वरण" आणि "ॲक्सिलरेशन" एकच आहे, हे परीक्षेच्या हॉलमध्ये आठवून उपयोग नाही.

दुसरा प्रकार कॉमेड-के. खासगी कॉलेजांची ही वेगळी परीक्षा, आणि फी सरकारी कोट्याच्या दुप्पट-अडीचपट धरून चाला. तिसरा प्रकार मॅनेजमेंट कोटा. तिथे भाव शाखेचं नाव आणि शहर बघून ठरतो, आणि सगळ्यात महाग सीट कॉम्प्युटर सायन्सची असते.

मी २०१७ मध्ये खासगी कॉलेजात सरकारी कोट्यातून गेले तेव्हा वर्षाची फी पन्नास-साठ हजारांच्या घरात होती. आता तीच लाखाच्या आसपास किंवा वर गेली आहे. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात ती निम्म्याहून कमी असते. जी संस्था खासगी विद्यापीठ झाली आहे तिची शुल्करचना वेगळी असते, त्यामुळे "सीईटीतनं मिळालंय म्हणजे स्वस्त" असं समजू नका. ऑप्शन एंट्री (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना प्रत्येक कॉलेजसमोरची फी वाचा.

आणखी एक सवलत अनेकांना माहीत नसते. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर एसएनक्यू नावाच्या जादा कोट्यातून शिकवणी फी माफ असलेली सीट मिळू शकते. जागा पाच टक्केच असतात, पण चांगली रँक असलेल्या गरीब घरच्या मुलाने हा पर्याय सोडला तर ते पैसे पाण्यात गेले म्हणायचे.

सापळा: निकालानंतरच्या आठवड्यात "सीट पक्की करून देतो, आज टोकन भरा" म्हणणारे लोक उगवतात. माझ्या चुलतभावाकडून असंच एकाने पंचवीस हजार घेतले. पावती साध्या कागदावर. पुढे त्या मुलाला सीईटीतूनच सीट मिळाली आणि टोकन परत आणायला काकांच्या सात-आठ फेऱ्या झाल्या. अर्धेच मिळाले. पैसे कॉलेजच्या किंवा केईएच्या खात्यातच भरायचे आणि छापील पावती घ्यायची.

२. कागदपत्रं निकालाआधी तयार ठेवा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण मे-जूनमध्ये नाडकचेरीसमोरची, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयासमोरची रांग ज्याने बघितली आहे तो मुकाट्याने वाचेल.

– एसएसएलसी आणि पीयूसीची गुणपत्रकं, आधार, फोटो.
– कर्नाटकात किमान सात वर्षं शिकल्याचा दाखला. शाळेचा शिक्का आणि बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्याची) सही, दोन्ही हवं. निपाणी, चंदगड, गडहिंग्लज असं करत ज्यांची शाळा कधी इकडे, कधी तिकडे झाली त्यांनी वर्षं बोटावर मोजून बघावीत.
– जात आणि उत्पन्नाचा दाखला, नाडकचेरीतून. त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) फॉर्ममध्ये लागतो. मराठा समाज कर्नाटकात ३ ब या मागास प्रवर्गात येतो. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांकडून ऐकलेली माहिती इथे लावू नका, नियम वेगळे आहेत.
– ग्रामीण कोट्याचा दाखला. पहिली ते दहावी, सगळी दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असतील तरच तो मिळतो. आठवीत "चांगली शाळा" म्हणून मुलाला शहरात आणलं की पंधरा टक्क्यांचा हा कोटा हातातून गेला. माझ्या बाबतीत हेच झालं. कुणाला दोष देणार?
– आधारशी जोडलेलं बँक खातं, मुलाच्या स्वतःच्या नावावर. एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची रक्कम याच खात्यात येते.

कन्नड माध्यमाचा वेगळा कोटा असतो, तो मराठी शाळांतल्या मुलांना लागू होत नाही. कल्याण कर्नाटकासाठी असलेलं ३७१ जे कलमाचं आरक्षण बेळगाव जिल्ह्याला नाही. ते बीदर, भालकीकडच्या आपल्या लोकांना मिळतं. दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतं, म्हणून इथेच लिहून टाकलं.

३. महाराष्ट्राचं दारही ठोठावून बघा

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे, "टाइप ई". दहावी-बारावी सीमाभागातून झालेली असेल, मातृभाषा मराठी असेल आणि ठरलेल्या नमुन्यातले दाखले असतील, तर ते मूल महाराष्ट्राच्या उमेदवारीत धरलं जातं. त्यासाठी महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तिच्यात गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि भौतिक-रसायनला एकेक. गणित चांगलं असलेल्या मुलाला ही परीक्षा फायद्याची.

आपलं गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का ते आधी बघा. बेळगावशेजारचं प्रत्येक मराठी घर आपोआप त्यात बसत नाही. आणि फॉर्म भरताना प्रकार चुकला तर तुम्ही "बाहेरच्या राज्यातले" ठरता. कोल्हापूरच्या एखाद्या नेट कॅफेत घाईत भरलेल्या फॉर्मवर ही चूक मी डोळ्यांनी बघितली आहे. कॅफेवाल्याला सीमाप्रश्न माहीत असतो, टाइप ई माहीत नसतो.

आता हिशोबाची बाजू. बेळगावहून कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन शिकायचं अंतर हे नव्हे, म्हणजे राहण्याचा खर्च आला. शिवाय कर्नाटकातल्या शिष्यवृत्त्या आणि एसएनक्यू तिकडे चालत नाहीत. म्हणून मी म्हणते, परीक्षा दोन्ही द्या. पण घरून जाता येईल अशी बेळगावातली सरकारी कोट्याची सीट आणि कोल्हापूर-सांगलीतली तशीच सीट असा पर्याय आला, तर फरक कॉलेजच्या नावात शोधू नका, चार वर्षांच्या जेवण-राहण्यात शोधा. सांगलीचं वालचंद किंवा पुण्याचं सीओईपी मिळत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दारात येणाऱ्या कंपन्याच वेगळ्या असतात, तिथे खर्च करायला हरकत नाही.

४. चार वर्षांचा पूर्ण खर्च मांडा

लोक फी गुणिले चार करतात आणि थांबतात. खाली मी धरलेले आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या सीटचे खरे आकडे घालून पुन्हा करा.

बेळगावात घरी राहून, सरकारी कोटा: फी १,१०,००० प्रमाणे चार वर्षांचे ४,४०,०००. लॅपटॉप ५०,०००. बस, परीक्षा शुल्क, झेरॉक्स, प्रोजेक्ट, कपडे मिळून वर्षाला ३०,००० म्हणजे १,२०,०००. एकूण ६ लाख १० हजार.

बंगळूरमध्ये, कॉमेड-के: फी २,६०,००० प्रमाणे १०,४०,०००. राहणं-जेवण वर्षाला १,२०,००० प्रमाणे ४,८०,०००. लॅपटॉप ५०,०००. एकूण १५ लाख ७० हजार, आणि यात परीक्षा शुल्क, प्रोजेक्ट असला वरचा खर्च आणि घरी येण्याजाण्याची राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं अजून धरलेली नाहीत.

दोन्हींतला फरक साडेनऊ लाखांचा आहे. जास्त पैसे दिले म्हणून पहिला पगार तेवढा जास्त मिळतो का? टीसीएस, इन्फोसिससारख्या मोठ्या सेवा कंपन्या नवीन मुलांना घेताना कोटा विचारत नाहीत आणि सगळ्यांना एकच आकडा देतात. बंगळूरच्या पहिल्या रांगेतल्या कॉलेजात जास्त चांगल्या कंपन्या येतात, हे खरं. पण साडेपंधरा लाख घालून तिसऱ्या रांगेतल्या कॉलेजात गेलात तर तुमच्यासमोर तीच कंपनी येणार जी बेळगावात येते.

फी-पत्रकाबाहेरचं काही मागतील त्याची तयारी ठेवा. प्रवेशाच्या दिवशी आमच्याकडून "कौशल्य प्रशिक्षण" म्हणून वेगळे पैसे घेतले होते आणि ते प्रशिक्षण म्हणजे वर्षातले चार शनिवार होते. विचारायला वडील बिचारे लाजले. तुम्ही विचारा, आणि पावती मागा.

एक गोष्ट पटकन: ब्रँचच्या नावात आता एआय, डेटा सायन्स, सायबर असली शेपटं लागली आहेत. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादा काढली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. शेपटासाठी जादा पैसे देऊ नका. पहिल्या दोन वर्षांत सगळ्यांना जवळपास तेच शिकवतात.

५. पॅकेज नाही, हातात येणारी रक्कम

नवीन मुलाला मोठ्या सेवा कंपन्या वर्षाला साधारण साडेतीन लाखांचं पॅकेज देतात. टीसीएसची निंजा श्रेणी ३.३६ लाखांची, इन्फोसिसमध्ये सिस्टीम इंजिनिअरला ३.६ लाख. दहा-बारा वर्षांपूर्वीही हा आकडा तीन-सव्वातीन लाखांच्याच घरात होता. तेवढ्या काळात फी दुप्पट झाली आणि बंगळूरचं घरभाडं कुठे गेलं ते विचारूच नका. आपल्या गावात अजून "कॉम्प्युटर म्हणजे लाखाचा पगार" असं बोललं जातं, ते कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भाच्यावरून.

३.६ लाख म्हणजे महिना तीस हजार, असा हिशोब आमच्या आईने केला होता. प्रत्यक्षात पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवरचा भाग वजा जाऊन हातात पंचवीस हजारांच्या आसपास येतात. पहिल्या महिन्याचा एसएमएस बघून मी चुकून एचआरला मेल लिहायला बसले होते.

त्यातून पीजीचे (पैसे भरून राहण्याच्या खोलीचे) नऊ हजार, जाण्यायेण्याचे दोन हजार, बाकी खाणं, मोबाइल, औषधपाणी मिळून चार-पाच हजार. उरतात नऊ-दहा हजार. सणाला गावी दोन फेऱ्या झाल्या की त्यातलेही कमी.

हे वाचून घाबरू नका. या क्षेत्राची चांगली बाजू पहिल्या पगारात दिसत नाही, ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसते. मी अडीच वर्षांनी कंपनी बदलली तेव्हा पगार दुपटीच्या वर गेला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी यंत्रावर काम करणाऱ्या माझ्या वर्गमित्राने डिप्लोमानंतर लगेच कमवायला सुरुवात केली, चार वर्षं तो माझ्या पुढे होता, आता मी पुढे आहे. पण माझ्या बॅचमधले जे तीन-चार जण पहिल्या कंपनीत सपोर्टच्या कामात अडकले आणि नवीन काही शिकले नाहीत, ते अजून पाच लाखांच्या आतच आहेत. ज्यांनी कॉलेजात असतानाच कोडिंगचा सराव केला आणि वरच्या श्रेणीच्या परीक्षा दिल्या त्यांची सुरुवातच सहा-सात लाखांनी झाली. टीसीएसची डिजिटल श्रेणी सात लाखांची आहे. निंजाचीच कंपनी, पगार दुप्पट.

वेळेचं नशीबही हिशोबात धरा. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांचं पत्र हातात असलेल्या नवीन मुलांपुढे साडेतीन लाखांवर लगेच रुजू होण्याचा पर्याय ठेवला होता. माझा भाऊ त्याच वर्षी बाहेर पडला. म्हणून पदवीनंतरचे सहा ते बारा महिने बिनपगारी जातील असं धरून घरात तेवढी सोय ठेवा.

आणि अजून एक, जे सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत: काम बेळगावात नाही. इथे फाउंड्री आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, सॉफ्टवेअरची ऑफिसं आहेत पण लहान-लहान. पदवी घेतली म्हणजे पाचशे किलोमीटरवरचं बंगळूर किंवा साडेतीनशेवरचं पुणे घेतलं. एकुलत्या मुलाने शेत बघावं अशी घरची अपेक्षा असेल तर हे आजच जेवताना बोलून घ्या.

६. कर्ज काढायचं असेल तर हप्ता आधी काढा

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. साडेसात लाखांच्या वर सहसा घर-जमिनीचं तारण लागतं. परतफेड शिक्षण संपून एक वर्षाने सुरू होते. इथेच लोक फसतात, कारण परतफेड थांबलेली असते, व्याज थांबलेलं नसतं.

उदाहरण घ्या. दरवर्षी दीड लाख असं चार वर्षांत सहा लाख उचलले, व्याज १० टक्के. काहीच भरलं नाही तर पाचव्या वर्षाच्या शेवटी सरळ व्याजच २ लाख १० हजार झालेलं असतं. आता कर्ज ८ लाख १० हजार. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण १३,४५० रुपये. वर उरलेले नऊ-दहा हजार आठवतात ना?

तेच व्याज शिकत असतानाच भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि चौथ्या वर्षी ५,०००, तर नोकरीनंतरचा हप्ता ९,९६० च्या आसपास येतो. दूध डेअरीच्या बिलातून, पिग्मीतून (रोजच्या बचतीतून), जसं जमेल तसं, पण व्याज भरत राहा.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी सीएसआयएस नावाची व्याज अनुदान योजना आहे. कॉलेजला नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता लागते. बँकेतला माणूस आपणहून सांगेलच असं नाही, नाव घेऊन विचारा. सीईटीतून सीट मिळालेल्यांसाठी राज्याच्या महामंडळांची अरिवू कर्ज योजनाही आहे, तिचं व्याज बँकेपेक्षा खूप कमी.

आमच्या घरी आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून पहिल्या वर्षाची फी भरली होती. सोनं सुटलं, पण व्याज बँकेपेक्षा जास्त गेलं आणि गौरी-गणपतीला आई रिकाम्या हातांनी वावरली. घाईत सोसायटीकडे धावण्याआधी दोन बँकांत अर्ज टाका.

७. सीट हिशोबात बसत नसेल तर

बीसीए तीन वर्षांची, फी इंजिनिअरिंगच्या निम्म्याहून कमी. राणी चन्नम्मा विद्यापीठाखालच्या कॉलेजांत घरून जाता येतं. त्यानंतर दोन वर्षं एमसीए केलं तर एकूण पाच वर्षं होतात, पण बीसीएपर्यंतचा खर्च कॉमेड-केच्या एका-दीड वर्षाच्या फीइतकाही होत नाही. बीसीएवाल्यांना काही कंपन्या कमी पगारावर घेतात, हे खरं आहे.

डिप्लोमाचा रस्ता मला सगळ्यात जास्त आवडतो आणि सगळ्यात कमी लोक विचारतात. एसएसएलसीनंतर पॉलिटेक्निक, मग डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. पीयूसीच्या क्लासचा खर्च वाचतो आणि मध्येच थांबावं लागलं तरी हातात काहीतरी असतं. फक्त गणित सुटू देऊ नका, दुसऱ्या वर्षी तेच अंगावर येतं.

डोनेशन भरून कॉम्प्युटर घेण्यापेक्षा सरकारी कोट्यातून इलेक्ट्रॉनिक्स घ्या आणि कोडिंग स्वतः शिका, असं मी सरळ सांगते. सेवा कंपन्या नवीन मुलं घेताना सहसा सगळ्या शाखा चालवतात. दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के आणि एकही विषय राहिलेला नको, ही अट मात्र बहुतेक ठिकाणी असते.

८. पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी दोन फोन

त्या कॉलेजातून, त्याच शाखेतून मागच्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या दोघांना शोधा. कॉलेजने दिलेले नंबर नकोत. गावातल्या तरुण मंडळात, मावशीच्या शेजारी, कुठेतरी सापडतातच. तीन प्रश्न विचारा: वर्गातल्या किती जणांना प्रत्यक्ष रुजू करून घेतलं, सगळ्यात जास्त मुलांना मिळालेला पगार किती, आणि फीशिवाय चार वर्षांत किती भरलं. "सर्वांत मोठं पॅकेज" विचारू नका, ते फलकावर असतंच आणि ते एकाच मुलाचं असतं.

दुसऱ्या प्रश्नाचा आकडा आला की त्याला बाराने भागा, पाच-सहा हजार वजा करा, राहण्या-जेवणाचे पंधरा हजार वजा करा, आणि उरलेल्यात सहाव्या पायरीतला हप्ता बसतो का बघा. बसत असेल तर दुसऱ्या दिवशी फी भरून या, कॉलेजच्या काउंटरवर, पावती घेऊन.